पाणी येईपर्यंतचा डाव

"पत्ते दाखव, आई."

"नाही दाखवणार."

"एकदाच. मग मी परत विषय काढणार नाही."

"विषय तू तसाही काढणार नाहीयेस. हरलास तू."

"हरलो नाही, फोल्ड केलं! फरक आहे!"

"आहेच. हरलेल्याला पत्ते बघायला मिळतात. फोल्ड केलेल्याला नाही."

हा माझा मुलगा संजू. वय तीस, गुडगावात एका कॉम्प्युटर कंपनीत मॅनेजर. माझ्या नोएडाच्या घरात, बैठकीच्या खोलीत उभा राहून माझ्याशीच भांडत होता. माझे दोन पत्ते टेबलावर पालथे होते आणि त्यांवर माझा हात होता. पैज साधी होती. तो जिंकला तर मी हा तळमजल्याचा फ्लॅट विकायचा आणि त्याच्याकडे गुडगावला अकराव्या मजल्यावर राहायला जायचं. मी जिंकले तर हा विषय माझ्या हयातीत बंद.

भांडण कसं संपलं ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तुम्ही चहा पिऊन उठाल, आणि या टेबलाचे बाकीचे किस्से माझ्याकडेच पडून राहतील. ते थोडेथोडके नाहीत. आमच्या सोफ्याच्या फटीत हात घातला की अजूनही राजम्याचे दाणे निघतात. किस्सेही तसेच, एकाला ओढलं की मागून दुसरा येतो. आता सोफ्यात राजमा कशाला, तेही सांगायला हवंच.

*

हा पोकरचा खेळ आणला वत्सलाच्या भाच्यानं. वत्सला म्हणजे समोरच्या दारातली. माझं दार उघडलं की तिचं दार, असा आमचा वीस वर्षांचा शेजार. भाचा अमोल अमेरिकेहून आठ दिवसांसाठी आला होता आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळला.

"सोपं आहे, मावशी. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकलेले. मध्ये पाच पत्ते, उघडे. आधी तीन उघडायचे, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून ज्याचे पाच सगळ्यांत भारी, तो जिंकला. हातात दोन पत्ते आले की एकदा बोली, आणि मग दर वेळी मधले उघडले की पुन्हा बोली. पटलं तर समोरच्याएवढं टाकायचं, जोर असेल तर वाढवायचं, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं, म्हणजे फोल्ड."

"मधले पत्ते कोणाचे?" वत्सलानं विचारलं.

"सगळ्यांचे. कॉमन."

"सगळ्यांचे म्हणजे कोणाचे?"

"जिन्यातल्या दिव्यासारखे," मी म्हटलं. "वापरायचा सगळ्यांनी, बल्ब कोणी बदलायचा नाही."

वत्सलाला समजलं. समजल्याचा पुरावा म्हणून पहिल्याच डावात तिनं मधला राजा उचलला, हातात लावला आणि हातातली दुर्री तिथे टाकली.

"मावशी, हे काय?"

"रमीत उचलतात."

"ही रमी नाही!"

"मग तो तिथे उघडा कशाला ठेवलाय?"

चाळीस वर्षं रमी खेळलेल्या बाईला, समोर राजा उघडा पडलेला असताना हात मांडीवर ठेवायला शिकवायचं म्हणजे तीन शनिवार गेले. अमोल तोवर अमेरिकेत पोचून कामाला लागला होता. शिकवलं मी. मी तरी कुठे कोणाकडून शिकले होते? आठ दिवस त्याच्या खांद्यामागे उभी राहिले, तेवढंच. मॅट्रिकनंतर माझं बहुतेक शिक्षण कोणाच्या तरी खांद्यामागे उभं राहूनच झालंय.

*

दर शनिवारी दुपारी दोन वाजता, माझ्याकडे. चार माणसं: मी, वत्सला, दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी साहेब आणि मागच्या ब्लॉकमधली ग्रेस साळवे. कुलकर्णी साहेब अर्थखात्यातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. ग्रेस मूळची नगरची, दिल्लीच्या सरकारी इस्पितळात मेट्रन होती.

नियम एकच, आणि तो अमेरिकेतला नाही, नोएडातला. पाणी आलं की डाव बंद. आमच्याकडे पाणी चारच्या सुमाराला येतं. सुमार म्हणजे साडेतीन ते साडेचार. आधी स्वयंपाकघरातला नळ खोकतो, दोन-तीनदा. मग पाच मिनिटं शांतता. मग पाणी. अर्ध्या तासात टाकी भरून घेतली नाही तर रविवारी आंघोळ नाही. त्यामुळे पाण्याची धार सुरू झाली की पत्ते जिथे असतील तिथे ठेवायचे. त्या क्षणी ज्याच्यापुढे जास्त, तो जिंकला. कोणी कितीही रंगात आलेला असो.

आणि आम्ही राजम्यावर खेळायचो. पैशांवर मी खेळू दिलं नसतं. राजमा डब्यात मावतो, मोजता येतो आणि हरलं तर कोणाचा रक्तदाब वाढत नाही.

एकदा दिवाळीला सूनबाई आली होती. रितू, पंजाबी आहे, कामाची आहे. शुक्रवारी तिनं प्रेमानं अख्खा डबा भिजत घातला. शनिवारी टेबलावर परात आली, तिच्यात दुप्पट झालेला आमचा राजमा.

कुलकर्णी साहेबांनी एक दाणा दोन बोटांत धरला, चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "वहिनी, याला चलनफुगवटा म्हणतात. माझी सगळी नोकरी यात गेली. डोळ्यांनी आज पाहिला!"

*

कोणता हात कोणाच्या वर, हे आम्हा बायकांच्या लक्षात राहीना. कुलकर्णी साहेबांनी एका शनिवारी टाइप केलेला तक्ता आणला. खालून वर.

एक जोडी: कारकून. दोन जोड्या: हेडक्लार्क. तीन सारखे: सेक्शन ऑफिसर. ओळीनं पाच: अंडर सेक्रेटरी, म्हणजे ते स्वतः. पाचही इस्पिक किंवा पाचही बदाम, म्हणजे फ्लश: डेप्युटी सेक्रेटरी. तीन सारखे आणि वर एक जोडी: डायरेक्टर. चार सारखे: जॉइंट सेक्रेटरी. ओळीनं पाच आणि पाचही एकाच रंगाचे: ॲडिशनल सेक्रेटरी. तेच दहापासून एक्क्यापर्यंत: सेक्रेटरी.

"हा सेक्रेटरी कधी येतो?" ग्रेसनं विचारलं.

"पस्तीस वर्षांत मी एकदाच पाहिला. तोही लिफ्टमध्ये."

तक्ता आम्हाला पाठ झाला. पण त्याच दुपारी त्यांच्या स्वतःच्या हातात ओळीनं पाच आले, आणि वत्सलानं दहा दाणे वाढवल्यावर त्यांनी ते टाकून दिले!

"अहो, का?" मी ओरडले.

"वरून वाढवलंय म्हणजे त्यांना काहीतरी माहीत असणार."

वरून म्हणजे वत्सलानं. तिच्याकडे कारकून होता.

*

ग्रेसच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. एक्क्यांची जोडी असो की दुर्री-सत्ती, तिचा चेहरा तोच. ताप मोजून थर्मामीटर झटकताना असतो तसा. एका डावात तिनं तिघांनाही पळवलं आणि पत्ते गड्डीत ठेवताना चुकून एक उलटा पडला. तिर्री. दुसरा बघितला. पंजी. काहीही नाही!

"ग्रेस, तुला जमतं कसं?" वत्सला रडकुंडीला आली होती.

"तीस वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगत आले, डॉक्टर येतायत," ग्रेस म्हणाली. "कुठले डॉक्टर येतायत?"

*

वत्सलाचं उलट. चांगले पत्ते आले की ती चहा टाकायला उठायची. आनंद बसून सहन व्हायचा नाही तिला. ती उठली की आम्ही तिघं पत्ते टाकून द्यायचो. बिचारी आलं किसून, चहा गाळून ट्रे घेऊन यायची, तर टेबलावर तिच्यासाठी चार दाणे.

"माझंच नशीब असं. चांगले पत्ते येतात तेव्हा कोणी खेळतच नाही!"

आम्ही हळहळायचो. असं तीन महिने चाललं. चहा उत्तम असायचा, सांगणार कोण?

मग एका शनिवारी मधे बराच राजमा जमला होता आणि वत्सला उठली. आम्ही सवयीनं पत्ते टाकले. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, वळली, परत आली आणि दोन्ही हातांनी सगळा राजमा स्वतःकडे ओढला.

"चहा?" कुलकर्णी साहेबांनी विचारलं.

"दूध नाहीये," वत्सला म्हणाली. आणि बसली.

*

सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढाजी एकदा दारात उभे.

"आंटीजी, कंप्लेंट आई है. आपके यहाँ जुआ चलता है."

"जुआ नहीं, राजमा चलता है. बैठिए."

बसले. अर्ध्या तासात चाळीस दाणे हरले, घाम पुसला आणि "ये तो बढ़िया चीज़ है" म्हणत गेले. कंप्लेंटचं काय झालं, आम्ही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी हजर, आणि खिशातून पुडी काढली. स्वतःचा राजमा! जम्मूचा, बारीक.

कुलकर्णी साहेब ताठ झाले. "परकीय चलन हम नहीं लेते."

"अरे सर, अब तो सब खुल गया है!"

"बाज़ार खुला है. डिब्बा नहीं."

*

आता माझा एक. पत्त्यांचा नाही, पण त्याच जातीचा.

हा फ्लॅट माझ्या यजमानांना ड्रॉमध्ये लागला. ताब्याचं पत्र आलं तेव्हा ते जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, "टायपिंग येतं?"

मी म्हटलं, "येतं."

"स्पीड?"

"पूर्वी चाळीस होता. आता हात बसायला वेळ लागेल."

टाइपरायटर मी तोवर फक्त दुरून पाहिला होता. रुजू व्हायला तीन आठवडे होते. तीन आठवडे करोलबागेतल्या क्लासमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले. पहिल्या पत्रात अकरा चुका.

साहेब म्हणाले, "बाई, हे काय?"

मी म्हटलं, "मशीन नवीन आहे."

मशीन माझ्या वयाचं होतं! साहेबांनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मी निवृत्त झाले तेव्हा त्या ऑफिसात माझ्याइतका स्पीड कोणाचा नव्हता. याला ब्लफ म्हणतात, हे अमोलनं मला वीस वर्षांनी सांगितलं. मी आपली त्याला नोकरी म्हणत होते.

त्याच महिन्यात या घरात राहायला आले. सेक्टरमध्ये तेव्हा तीन घरांत दिवे लागायचे. रस्ता कच्चा, बस दोन मैलांवर, आणि अंधार पडला की नदीच्या अंगाला कोल्हे ओरडायचे. माझे दीर सामान लावायला म्हणून आले आणि हात जोडून उभे राहिले. "वहिनी, नऊ वर्षांचं पोर घेऊन एकट्या बाईनं इथे राहायचं? अहो, कोल्हे आहेत!"

"कोल्ह्यांकडे अलॉटमेंट लेटर नाहीये," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे."

*

तर संजू.

जानेवारीत मी बाथरूममध्ये घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. वत्सलानं दार वाजवलं म्हणून कळलं. तेव्हापासून त्यानं गुडगावचा धोशा लावला. मार्चमध्ये एक प्रॉपर्टी डीलर येऊन माझी बैठकीची खोली टेपनं मोजायला लागला. मी विचारलं तर म्हणतो, "साहब ने बोला है, माताजी." माताजीनं टेप काढून घेतली आणि त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

पुढच्या शनिवारी दोन वाजता साहेब स्वतः आले. टेबल मांडलेलं, आम्ही चौघं बसलेले.

"आई, दीड तास तू फरशीवर होतीस!"

"पंचावन्न मिनिटं."

"तिथे चोवीस तास पाणी आहे, चोवीस तास वीज आहे, लिफ्ट आहे, गार्ड आहे. तुझी वेगळी खोली तयार आहे. काय नाहीये तिथे?"

"शनिवार."

"शनिवार तिथेही असतो, यार आई!"

"त्या शनिवारात वत्सला दार वाजवत नाही."

वत्सलानं डोळ्याला पदर लावला. ग्रेसनं तिला चिमटा काढला. मी पाहिलं, पोरगं खरोखर घाबरलेलं होतं. त्याला माझा फ्लॅट नको होता, मी फरशीवर पडलेली नको होते. आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, तो सकाळी नवीन मुद्दे घेऊन येतो. मी डबा पुढे ओढला.

"बस. पन्नास तुला, पन्नास मला. पाणी येईपर्यंत. ज्याच्यापुढे जास्त राजमा, घराचं तो ठरवणार."

तो हसला. "आई, मी क्लायंटबरोबर खेळतो हे. तुला हरवायला मला बरं वाटणार नाही."

"नको वाटू दे."

पत्ते कुलकर्णी साहेबांनी वाटले. तास-दीड तास कोणी फार पुढे नाही, कोणी फार मागे नाही. खेळतो बरा, मान्य करते. फक्त चांगला पत्ता आला की उजवा कान ओढतो. पाळण्यात होता तेव्हापासूनची सवय, क्लायंटना काय माहीत?

साडेतीन वाजून गेले. नवा डाव. मधले तीन उघडले: बदामचा राजा, इस्पिकची सत्ती, इस्पिकची दुर्री. संजूनं कान ओढला. म्हणजे राजा होता त्याच्याकडे. त्यानं वाढवलं, मी तेवढे टाकले. चौथा आला चौकटचा गुलाम. त्यानं पुन्हा वाढवलं, मी पुन्हा तेवढे टाकले. मध्ये चांगला ढीग झाला.

आणि स्वयंपाकघरात नळ खोकला.

एकदा. दोनदा. वत्सलानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. संजूनं ऐकलंच नाही. याच नळाखाली लहानपणी रोज बादली लावायचा, पण चोवीस तास पाण्याच्या घरात माणसाचे कान सुटतात.

पाचवा पत्ता: इस्पिकची तिर्री. मधे आता तीन इस्पिक. ज्याच्या हातात आणखी दोन, त्याचा फ्लश, त्याच्यापुढे राजांची जोडी म्हणजे कारकून.

माझ्यापुढे होता नव्हता तो सगळा राजमा मी मधे ढकलला.

संजू माझ्याकडे बघत राहिला. मग मधल्या पत्त्यांकडे. मग ग्रेसकडे. "मौशी, आईकडे असतील दोन इस्पिक?"

"सगळं व्यवस्थित होईल हं," ग्रेस म्हणाली. मेट्रनच्या आवाजात.

त्यानं मनात हिशेब केला, मला दिसत होता तो. आत्ता सगळं लावून हरलो तर संपलं. सोडलं तर हातात बावीस दाणे आहेत, पुढच्या डावात बघू.

"चल, एवढा तुझा," तो म्हणाला आणि पत्ते उलटे करून टाकले. किलवरचा राजा आणि एक्का. "फ्लश आहे तुझ्याकडे. पुढचा वाटा, काका."

कुलकर्णी साहेबांनी गड्डी खाली ठेवली. आत बादलीत धार पडत होती.

"पाणी आलं," ते म्हणाले.

"आलं तर आलं! एक डाव अजून!"

"नियम आहे."

"काय नियम? कुठे लिहिलाय?"

"मिनिट्समध्ये," कुलकर्णी साहेब म्हणाले आणि खरोखर इतिवृत्ताची वही काढली.

तिथून ते भांडण, ज्याच्यापासून मी सुरुवात केली. पत्ते दाखव, नाही दाखवणार. वत्सला टाकी भरायला गेली, भरून परत आली, तरी आम्ही तिथेच. माझा हात पत्त्यांवर, त्याचा हात टेबलावर.

शेवटी तो बसला. आवाज खाली आला.

"आई, मी गुडगावचं नाव काढत नाही. शप्पथ. पण एवढंच सांग, तुझ्याकडे खरंच काही होतं की नव्हतं? नाहीतर मी तिथे अकराव्या मजल्यावर हाच विचार करत बसणार."

मी माझे दोन पत्ते उचलले, गड्डीच्या मध्ये घातले आणि गड्डी पिसली.

"संजू, या घरातल्या पहिल्या रात्री कोल्हे ओरडत होते आणि तू विचारलंस, 'आई, तुला भीती वाटते का?', मी 'नाही' म्हटलं आणि तू झोपलास. तेव्हा मागितले होतेस का पत्ते?"